आधी कोण गेलं?

पहिल्या नोकरीचे दोन-तीन पगार झाले की घरी ओळखीतला एक एजंट येतो. कुणाचा तरी मेहुणा, नाहीतर शाळेतले निवृत्त गुरुजी. चहा होतो, टॅक्स वाचण्याच्या गप्पा होतात आणि फॉर्म भरता भरता तो विचारतो, "नॉमिनी कोण लावू?" मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, लग्न व्हायचंय. तो स्वयंपाकघराकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "आईचं लावा." विषय संपला. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझ्या थोरल्या चुलतभावाचं, दादाचं, अगदी असंच झालं होतं. १९९३ साली तो कराडच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात लागला आणि त्याच वर्षी त्यानं तीस वर्षांची पॉलिसी घेतली. हप्ता पगारातूनच कापला जायचा. थोरली काकू, म्हणजे दादाची आई, २०१६ साली गेली. दादा २०२१ च्या मे महिन्यात कोविडमध्ये गेला. पॉलिसी पिकायला दोन वर्षं राहिली होती.

बॉण्ड वहिनींना लोखंडी कपाटात शालूच्या घडीखाली सापडला. टाइपरायटरवर टाइप केलेला, पिवळा पडलेला, चार घड्यांवर चिरत आलेला कागद. एका घडीवर विम्याच्या रकमेचा एक आकडा पार उडालेला, पण नॉमिनीची ओळ ठणठणीत: काकूचं नाव, नातं आई, वय ४८. वहिनींनी मला फोन केला. मी एका सीएच्या ऑफिसात काम करते, म्हणून घरातला कुठलाही कागद शेवटी माझ्याकडे येतो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "वन्सं, त्या तर कधीच गेल्या. मग हे पैसे बुडाले का हो?"

पैसे बुडत नाहीत, आणि आधी हेच सांगायला हवं, कारण बुडाले असं धरून गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत. १९३८ च्या विमा कायद्याच्या ३९ व्या कलमात याचं सरळ उत्तर आहे. पॉलिसीची रक्कम देय होण्याआधीच नॉमिनी वारला असेल, तर ती पॉलिसीधारकाची किंवा त्याच्या वारसांची. एकापेक्षा जास्त नॉमिनी असतील आणि त्यातला एखादा गेला, तर मागे राहिलेल्यांना मिळते. दहा वर्षं कुणी दावाच केला नाही, तर रक्कम सरकारच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते खरी, पण तिथूनही ती पुढे पंचवीस वर्षं मागता येते. तेव्हा वहिनींना म्हटलं, तुम्ही निर्धास्त राहा. पैसे तुमचे आणि मुलांचे.

हे मी बोलून गेले आणि आठवडाभरात धाकट्याचा फोन आला. धाकटा म्हणजे दादाचा पाठचा भाऊ. माणूस भांडकुदळ नाही, पण हिशोबाला पक्का. म्हणाला, "पॉलिसी आईच्या नावाची हाय. आई गेली. मग आईचं जे काय असंल ते आम्हा तिघा भावंडांचं. दादाचा वाटा त्याच्या पोरांना मिळंलच की, त्याला मी कुठं नाही म्हणतोय?"

घरातल्या बायकांनी त्याच्यावर लगेच तोंडसुख घेतलं. मला मात्र त्याचं नवल वाटलं नाही. शेतजमिनीच्या बाबतीत तो हेच बघत मोठा झाला होता. सात-बाऱ्यावर आईचं नाव असतं, आई जाते, तलाठ्याकडे वारस नोंद होते आणि मुलं-मुली सगळ्यांची नावं खाली चढतात. त्यानं तोच कित्ता पॉलिसीवर गिरवला. चूक एवढीच की पॉलिसी आईची नव्हतीच. आईचं नाव त्यावर होतं ते दादाच्या माघारी तिला पैसे मिळावेत म्हणून, आणि ती वेळ यायच्या पाच वर्षं आधीच ती गेली. जे तिच्या हाती कधी आलंच नाही, ते तिच्या मागे तिच्या मुलांत वाटलं कसं जाणार?

फोन ठेवल्यावर मात्र मी कलम पुन्हा वाचायला घेतलं आणि वाचता वाचता माझे हातपाय गार पडले. धाकट्याचा हिशोब चुकला होता तो केवळ तारखांमुळे. तारखा उलट्या असत्या, तर तो बरोबर ठरण्याची चांगलीच शक्यता होती.

समजा काकू २०१६ साली गेलीच नसती. समजा मे महिन्यात दादा गेला आणि लेकाच्या धक्क्यानं पुढच्या महिन्यात काकू गेली. अशी घरं त्या वर्षी गल्लोगल्ली होती. मग काय झालं असतं? विमा कायद्यात २६ डिसेंबर २०१४ पासून एक नवी तरतूद आली. नॉमिनी म्हणून आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांपैकी कुणाचं नाव असेल, तर तो माणूस केवळ पैसे घेणारा राहत नाही, त्या पैशांवर त्याचा स्वतःचा हक्क असतो. तरतूद त्यानंतर देय होणाऱ्या सगळ्या पॉलिसींना लागू, मग पॉलिसी १९९३ ची का असेना. आणि असा हक्काचा नॉमिनी पॉलिसीधारकानंतर, पण पैसे हातात पडण्याआधी वारला, तर रक्कम नॉमिनीच्या वारसांची. पॉलिसीधारकाच्या नव्हे.

म्हणजे दादाचे पैसे काकूच्या वारसांकडे गेले असते. हिंदू वारसा कायद्यात बाई मृत्युपत्र न करता गेली, तर पहिला हक्क तिची मुलं, मुली आणि नवऱ्याचा. आधी वारलेल्या मुलाच्या जागी त्याची मुलं येतात. काका तर केव्हाच गेलेले. म्हणजे एक हिस्सा धाकट्याला, एक हिस्सा आक्काला, म्हणजे त्यांच्या बहिणीला, आणि उरलेल्या एका हिश्शात दादाची दोन्ही मुलं. वहिनी? वहिनी त्या यादीतच नाहीत. आधी वारलेल्या मुलाची विधवा पुरुषाच्या वारसांच्या पहिल्या वर्गात येते, पण बाईच्या पहिल्या वारसांत तिचं नाव नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं संसार केलेल्या बायकोला नवऱ्याच्या विम्यातला एक रुपया नाही, आणि कारण काय, तर सासूबाई सुनेच्या दुर्दैवानं महिनाभर जास्त जगल्या.

तोंडानं म्हणवत नाही, पण वहिनींना पैसे मिळाले ते काकू आधी गेली म्हणून.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं तरी कसं? वहिनींनी सासूचं शेवटचं दुखणं काढलं होतं, रात्र रात्र उशाशी बसून.

आता नॉमिनीचा हक्क नेमका किती, यावर कोर्टांचं एकमत आहे असंही नाही. १९८३ च्या अखेरीला सुप्रीम कोर्टानं सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात निकाल दिला होता. दहा-दहा हजारांच्या दोन पॉलिसी, नॉमिनी बायको, नवरा १९६७ साली मृत्युपत्र न करता वारलेला. त्याच्या आईनं आणि मुलानं दावा लावला. कोर्ट म्हणालं, नॉमिनीनं पैसे फक्त स्वीकारायचे, मालक वारस. आपण घरी नसताना शेजारी आपलं पार्सल घेतो तसं. सही त्याची, वस्तू आपली. तीस वर्षं हाच नियम धरून वकील बोलत होते. मग २०१४ ची दुरुस्ती आली आणि जवळचा नॉमिनी शेजारी राहिला नाही, निदान कलमाचे शब्द तरी तसंच म्हणतात. पण २०२५ साली कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठापुढे हुबेहूब आपल्याकडच्यासारखं प्रकरण आलं: मुलानं लग्नाआधी आईचं नाव लावलेलं, पुढे लग्न झालं, मूल झालं, नाव बदललं नाही, तो गेला. नॉमिनी आई हयात. कोर्टानं आई, बायको आणि मुलगा यांना एक एक तृतीयांश दिलं. नॉमिनेशनमुळे वारसा कायदा बाजूला पडत नाही म्हणाले. हा निकाल सगळीकडे मानला जाईल का, हा वकिलांचा प्रांत. मला दिसतं ते एवढंच की १९६७ च्या प्रकरणात सुनेवर सासूनं दावा लावला होता, आणि इतक्या वर्षांनी धारवाडलाही समोरासमोर सासू-सूनच. मधे गेलेला माणूस दोघींचाही.

बरेच जण समजतात की लग्न झालं की नॉमिनी आपोआप बायको होते. विम्यात तसं काही होत नाही. आपण बदलेपर्यंत जे नाव आहे ते आहे.

धाकट्याला मी काकू आणि दादाच्या मृत्यूच्या दाखल्यांवरच्या तारखा व्हॉट्सॲपवर पाठवल्या आणि कलमाचा मराठी सारांश लिहून दिला. एका दिवसानं उत्तर आलं, "बरं." पुढे त्यानं विषय काढला नाही, हे त्याचं मोठेपण.

यानंतर या "आधी कोण गेलं" चं मला जरा वेडच लागलं. ऑफिसात कुणी वकील आले की मी त्यांना पिडायचे. त्यातूनच हिंदू वारसा कायद्याचं एकविसावं कलम समजलं. दोन माणसं एकाच वेळी गेली, कोण आधी ते कळायला मार्ग नाही, अपघात म्हणा, पूर म्हणा, इमारत पडली म्हणा, तर कायदा असं धरतो की वयानं लहान असलेला नंतर गेला. उलट पुरावा येईपर्यंत हेच खरं. पंचेचाळीसचा नवरा आणि चाळीसची बायको एका गाडीत गेले, मागे दोन मुलं आणि नवऱ्याची म्हातारी आई. नॉमिनी बायको. कायद्याच्या हिशोबात बायको क्षणभर जास्त जगली. कलमाचे शब्द धरले तर तेवढ्या क्षणात पैसे तिचे झाले आणि तिच्यामागे फक्त मुलांचे. म्हातारीला काही नाही. बायको वयानं मोठी असती, तर ती आधी गेली असं धरलं असतं, पैसे नवऱ्याच्या वारसांकडे आले असते आणि म्हातारीला तिसरा हिस्सा मिळाला असता. मुलगी बघताना वयाचं अंतर विचारणाऱ्या आपल्या बुजुर्गांच्या हे स्वप्नातही आलं नसेल.

कोविडच्या वॉर्डात तर हे खऱ्याखुऱ्या तासांवर आलं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ असते हॉस्पिटलनं भरलेल्या डॉक्टरच्या प्रमाणपत्रात, सकाळी इतके वाजून इतकी मिनिटं. नवरा-बायको एकाच दिवशी गेले असतील, तर तो कागद सोन्याचा.

वहिनींच्या कागदपत्रांची धावपळ भाचीनं केली. दादाची थोरली, लग्न होऊन साताऱ्याला दिलेली. आजी गेल्याचा दाखला आणायला ती आधी गावच्या ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक म्हणाले, इथं नोंदच नाही. असणार कशी? काकू गेली कोल्हापूरच्या दवाखान्यात, आणि नोंद जिथं मृत्यू होतो तिथं होते, माणूस जिथं राहतो तिथं नाही. मग कोल्हापूर महापालिका. तिथं दाखला मिळाला, पण त्यावर नावापुढचं "बाई" गळालेलं. पॉलिसीवर बाई, आधारवर बाई नाही, दाखल्यावर नाही. दोन्ही एकच हे सांगायला शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र. भाची चिडून मला म्हणाली, "आत्या, आजी जिवंतपणी बाई होती याला पण आता पुरावा लागतोय." मी हसले, पण तिच्या गाडीच्या पेट्रोलचा विचार करून फार हसले नाही.

पुढचा प्रश्न, वारस कोण हे ठरवायचं कुणी. गावात सगळ्यांना वाटतं तलाठ्याची वारस नोंद दाखवली की झालं. ती जमिनीपुरती. विमा, ठेवी, शेअर असल्या येणे रकमांसाठी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखालचं सक्सेशन सर्टिफिकेट, तेही दिवाणी कोर्टातून: अर्ज, पेपरात जाहीर नोटीस, हरकतींसाठी मुदत, कोर्ट फी. आपल्याकडे वारस दाखलाही कोर्ट देतं, तो आहे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायच्या २६ वर्षं आधीचा कायदा, आणि त्याखाली आजही अर्ज पडतात. एकदा तारखा सुरू झाल्या की त्या कधी संपतील ते वकील सांगत नाही.

वहिनींच्या बाबतीत एवढं लागलं नाही. रक्कम लहान, वाद नाही, वारस तिघंच आणि तिघंही सज्ञान. अशा वेळी कंपनी कोर्टाच्या कागदाचा आग्रह सोडू शकते आणि वारसांकडून इन्डेम्निटी बॉण्ड घेते, की उद्या आणखी कुणी खरा हक्कदार निघाला तर आम्ही भरून देऊ. त्यावर जामीनदार लागतो, ज्याची ऐपत आहे असा. शाखेतल्या बाई म्हणाल्या, शक्यतो घरातला नको, पण गावातला चालेल. मग कुणीतरी धाकट्याचं नाव सुचवलं. तो स्वतः वारसांत नव्हताच, घर वेगळं, ऊस स्वतःचा. तो आला आणि जामीनदाराच्या जागी सही करून गेला. सही करताना वहिनींकडे बघितलं नाही, एवढंच.

हे सगळं टाळणं किती सोपं होतं, ते आठवलं की जीव तुटतो. पॉलिसीधारक जिवंत असताना नॉमिनी गेला, तर एक फॉर्म भरायचा, नवं नाव लिहायचं, बॉण्डवर शिक्का मारून घ्यायचा. कायद्यात तर मृत्युपत्रानंही नॉमिनेशन बदलता येतं, फक्त कंपनीला लेखी कळवावं लागतं, नाहीतर ती जुन्या नावाला पैसे देऊन मोकळी होते. मग लोक करत का नाहीत? यावर आपल्याकडे लगेच हळवं उत्तर तयार असतं: आईचं नाव खोडायला हात धजावत नाही. मला हे पटत नाही. काकू गेली त्या महिन्यात दादानं तिचं नाव रेशनकार्डावरून कमी केलं, सात-बाऱ्यावर वारस नोंद लावली, गॅसचं कनेक्शन बदललं. हात धजावला की. कारण तिथं कुणीतरी विचारणारं होतं. रेशन दुकानदार विचारतो, तलाठी विचारतो. विम्याचा हप्ता पगारातून गुपचूप जात होता. मूळ एजंट कधीच एजन्सी सोडून पुण्याला गेलेला. वाढदिवसाला शुभेच्छांचा मेसेज न चुकता यायचा, पण "तुमचा नॉमिनी हयात आहे का" हे तीस वर्षांत एकदाही आलं नाही. वर्षाला एक ओळ पाठवायला काय जातं?

म्हणून आता मीच विचारते. मार्च महिन्यात लोक टॅक्स वाचवायला हप्त्यांच्या पावत्या घेऊन येतात, तेव्हा पावती हातात घेता घेता म्हणते, नॉमिनी कोण, बरे आहेत ना? एक कापड दुकानदार चिडले. "ताई, सकाळी सकाळी बोहनीच्या वेळी काय अभद्र विचारता?" शुभ बोल नाऱ्या, मी समजून घेतलं. पण दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला, की आजोबा नॉमिनी आहेत, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांच्या पत्नी गेल्या, मुलगे दोन, एक सांभाळतो, एक अमेरिकेत. ते फॉर्म घेऊन जातात आणि तसाच कोरा परत आणतात. त्यांना मी सांगितलं, दोघांची नावं लिहा, टक्के घाला, साठ-चाळीस, सत्तर-तीस, तुमची मर्जी. ते म्हणाले, "नावं लिहिणं अवघड नाही हो. टक्के लिहिणं अवघड आहे." या माणसाला मात्र हळवं म्हणायला माझी हरकत नाही.

बँकांमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, आणि हवं तर एकापाठोपाठ एक: पहिला नसेल तर दुसरा, दुसरा नसेल तर तिसरा. लॉकरसाठी तर याच पद्धतीनं. आधी कोण जाईल हे आपल्याला कळत नाही, एवढं तरी त्या फॉर्मनं मान्य केलं.

वहिनींचे पैसे आले, बोनस धरून लाखाच्या वर. त्यांनी ते पोस्टात ठेवायचं ठरवलं. मी गावी होते म्हणून सोबत गेले. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढे सरकवला आणि त्या रकान्यावर बोट ठेवून सवयीनं विचारलं, "मुलाचं लिहू ना?"

"दोघांचं लिहा. निम्मं निम्मं."

"मुलगी लग्न झालेली आहे ना? मग तिचं कशाला, उगाच सह्यांची कटकट होते."

वहिनी चष्मा पुसत होत्या. "कटकट झाली की धावपळ तीच करती," त्या म्हणाल्या, "तिचं वर लिहा, पोराचं खाली."

त्यानं तसं लिहिलं, आणि भाचीचं नाव आधारवर कसं आहे ते विचारलं. माहेरचं की सासरचं?